मूसा दागहून अंजारला: सहा गावांच्या पुनर्वसनाचं एक प्रकरण

बैरूतहून दमास्कसकडे निघालं की लेबनॉन पर्वतरांग ओलांडून रस्ता बेका खोऱ्यात उतरतो. सीमेवरच्या मस्ना नाक्याच्या थोडं अलीकडे, बैरूतपासून ५८ किलोमीटरवर, अंजार लागतं. सरकारी दप्तरात या गावाचं नाव हौश मूसा असं आहे. अरबी भाषिक खोऱ्यात हे एकटं आर्मेनियन गाव आहे आणि ते सप्टेंबर १९३९ मध्ये एका झटक्यात वसलं. त्याच्या अगदी शेजारी आठव्या शतकातलं, उमय्यद या अरब खलिफांच्या घराण्याच्या काळातलं एक शहर पडून आहे. तेही असंच आखून एका दमात बांधलेलं होतं.

विस्थापितांची वसाहत टिकते कशाने आणि सुरुवातीला माणसं कशामुळे दगावतात, हे या प्रकरणातून फार स्पष्ट दिसतं. कुटुंबांची आणि खाजगी व्यक्तींची नावं इथे दिलेली नाहीत. निर्णय कुठे आणि कोणत्या घाईत झाले, यावर भर आहे.

## पार्श्वभूमी

मूसा दाग हा भूमध्य समुद्राला टेकलेला, अंताक्या शहराच्या पश्चिमेचा डोंगर. त्याच्या उतारावर बितियास, हाजी हबिबली, योघुनोलुक, खदर बेग, वाकिफ आणि काबुसिये ही आर्मेनियन गावं होती. तुतीची लागवड आणि रेशीम, लाकडी कंगवे, थोडी फळबाग, थोडा कोळसा यांवर लोकांची गुजराण चाले. कंगव्यांचं काम घरोघरी होई. त्यासाठी लागणारं कठीण लाकूड डोंगरातच मिळायचं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे सपाटीवर आल्यावर हा धंदा बुडाला.

१९१५ च्या उन्हाळ्यात ऑटोमन सरकारचा हद्दपारीचा हुकूम आला. बहुतेक लोकांनी तो झुगारला आणि गुरंढोरं, धान्य, बंदुका घेऊन ते डोंगरावर चढले. सुमारे दीड महिना त्यांनी वेढा झुंजवला. त्यात त्यांची १८ माणसं पडली. दारूगोळा आणि अन्न संपत आल्यावर त्यांनी समुद्राच्या बाजूला दोन मोठे पांढरे कापडी फलक टांगले. एकावर लाल क्रूस होता आणि दुसऱ्यावर ख्रिस्ती लोक संकटात आहेत, सोडवा, असा मजकूर. ‘गिशेन’ या फ्रेंच युद्धनौकेने ते पाहिले आणि सप्टेंबरात ४,००० हून अधिक लोकांना फ्रेंच जहाजांनी इजिप्तमधल्या पोर्ट सईदला नेलं. तिथे तंबूंत काही वर्षं काढून १९१९ मध्ये ते आपल्या गावी परतले.

ते परतले तो प्रदेश आता सीरिया-लेबनॉनसारखाच फ्रेंच अंमलाखाली होता: अलेक्झांड्रेटाचा संजाक, म्हणजे जिल्हा. पुढची जवळपास वीस वर्षं बरी गेली. घरं नव्याने उभी राहिली, शाळा सुरू झाल्या, बितियासला तर उन्हाळ्यात हवा खायला बाहेरून लोक येऊ लागले.

## प्रश्न कसा उभा राहिला

युरोपात युद्धाचं सावट आलं तसं फ्रान्सला तुर्कस्तान आपल्या बाजूला हवं होतं. १९३८ मध्ये संजाकचं ‘हताय’ नावाचं राज्य झालं. २३ जून १९३९ च्या फ्रान्स-तुर्कस्तान कराराने ते तुर्कस्तानला देण्याचं ठरलं आणि २३ जुलैला ताबा दिला गेला. रहिवाशांना सीरियाचं किंवा लेबनॉनचं नागरिकत्व निवडण्याची मुभा करारात होती आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदतही होती. कागदावर वेळ भरपूर दिसतो. पण डोंगरावरच्या लोकांना १९१५ आठवत होतं. फ्रेंच सैनिक निघून गेल्यानंतर एक दिवससुद्धा मागे राहायची त्यांची तयारी नव्हती. त्यामुळे खरी मुदत सहा महिन्यांची न राहता चार आठवड्यांची झाली. त्या नंतरच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथे आहे.

जुलैमध्ये सुमारे ५,००० माणसं निघाली. शेतात पिकं उभी होती, घरं विकायला गिऱ्हाईक नव्हतं. दक्षिणेला सीरियाच्या किनाऱ्यावर रास अल-बसित इथे सगळे थांबले आणि तिथे उघड्यावर सुमारे चाळीस दिवस काढले. कुठे जायचं, हे निघताना ठरलेलं नव्हतं. ते ठरायला हेच चाळीस दिवस गेले, आणि दर दिवसागणिक हिवाळा जवळ येत होता.

## कोणते पर्याय होते

पहिला पर्याय तिथेच राहण्याचा. वाकिफमधल्या काही कुटुंबांनी तोच निवडला. ते गाव आजही वाकिफली या नावाने तुर्कस्तानात आहे आणि देशातलं एकमेव उरलेलं आर्मेनियन खेडं म्हणून ओळखलं जातं. उरलेल्यांच्या दृष्टीने हा पर्याय म्हणजे आपली सुरक्षितता पुन्हा एकदा दुसऱ्याच्या मर्जीवर सोपवणं होतं.

दुसरा पर्याय शहरात मिसळून जाण्याचा. अलेप्पो आणि बैरूतमध्ये आधीच्या निर्वासितांच्या मोठ्या वस्त्या होत्या. बैरूतच्या कडेचा बुर्ज हम्मूद त्याच पद्धतीने उभा राहिला. तिथे रोजंदारी मिळाली असती, दवाखाने जवळ असते. पण ही शेतकरी माणसं होती आणि सहा गावांची मिळून एक बोली, एक नात्यागोत्याचं जाळं होतं. ते शहरात एका पिढीत विरलं असतं.

तिसरा पर्याय दक्षिण लेबनॉनच्या किनाऱ्याचा. टायरजवळ रशीदिये इथे फ्रेंचांनी १९३६ मध्ये आणि अल-बस इथे १९३९ मध्ये आर्मेनियन निर्वासितांसाठी छावण्या बांधल्या होत्या. हवा उबदार आणि समुद्र जवळ, म्हणजे डोंगरावरून आलेल्यांना ओळखीचं वातावरण. पण ती छावणीच होती. कसायला स्वतःची सलग जमीन तिथे नव्हती. या दोन्ही छावण्या १९४८ नंतर पॅलेस्टिनी निर्वासितांच्या झाल्या आणि आजही आहेत.

चौथा पर्याय अंजार. त्याची निवड फ्रेंच प्रशासनाने केली आणि कारणं अगदी व्यवहारी होती. एकाच मोठ्या जमीनदाराकडून सलग जमीन विकत मिळत होती. बारमाही झरा होता. दमास्कस रस्ता लागूनच होता आणि रयाक हे रेल्वे जंक्शन पंधरा-वीस किलोमीटरवर.

विरोधातली कारणंही तितकीच ठळक होती. झऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी साचून दलदल झाली होती. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे साडेनऊशे मीटर, म्हणजे थंडीत बर्फ. घर एकही नाही, सावलीला झाड नाही, जळण नाही. जमीन मिळते आहे एवढ्यावरच जागा ठरली. ती जागा राहण्याजोगी केव्हा होईल, याचा हिशेब मागे पडला. पुनर्वसनाच्या कामात हा क्रम आजही फार वेळा असाच उलटा लागतो.

## काय केलं गेलं

प्रवास. नकाशावर बैरूतमार्गे जाणं सोपं दिसतं. प्रत्यक्षात लोकांना जहाजाने त्रिपोलीला नेलं, तिथून रेल्वेने होम्समार्गे मोठा वळसा घालून रयाकला, आणि रयाकहून ट्रकने अंजारला. यामागे रुळांच्या रुंदीचं कारण दिसतं. बैरूत-दमास्कस मार्ग १.०५ मीटरचा अरुंद आणि डोंगरात दातेरी रुळांचा होता. त्यावर गाडी हळू चाले आणि तिला थोडेच डबे जोडता येत. त्रिपोली-होम्स आणि होम्स-रयाक हे दोन्ही मार्ग प्रमाण रुंदीचे, त्यामुळे बाडबिस्तरा मध्येच दुसऱ्या गाडीत चढवावा लागत नव्हता. बैरूत-त्रिपोली रेल्वे तर १९४२ पर्यंत नव्हतीच. हा टप्पा एकंदरीत नीट पार पडला.

पहिला हिवाळा. लोक सप्टेंबरात पोहोचले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला युरोपात महायुद्ध पेटलं आणि फ्रेंच प्रशासनाचं लक्ष आणि पैसा दुसरीकडे वळला. घरं तयार नव्हती म्हणून तंबू दिले. बेकामध्ये डासांचा जोर उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळी थंडी सुरू होईपर्यंत असतो, आणि नेमक्या त्याच काळात हजारो थकलेली, अर्धपोटी माणसं दलदलीच्या काठाला येऊन उतरली. हिवतापाचा डास संथ, गवताळ, उथळ पाण्यात अंडी घालतो आणि रात्री चावतो. तंबूला ना दार, ना जाळी. ताप येऊन पंधरा-वीस दिवसांत माणूस अंथरुणाला खिळायचा आणि त्यावर थंडी पडायची. सुरुवातीच्या काळात शेकडो माणसं गेली. त्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसं जास्त होती.

ताप एकाच वेळी घरातल्या सगळ्या कर्त्या माणसांना धरतो, हे या हानीचं एक कारण. पाणी आणायला, जळण गोळा करायला, आजाऱ्याला पाजायला हात उरत नाहीत. मग ज्या आजाराने माणूस एरवी वाचला असता, त्याने तो जातो.

गावाची आखणी. फ्रेंच प्रशासनाने आखलेल्या नकाशात सहा मोहल्ले होते आणि प्रत्येकाला डोंगरावरच्या एकेका गावाचं नाव दिलं. बितियासची माणसं बितियासमध्ये, काबुसियेची काबुसियेत. वाकिफ मागे राहिलं तरी तिथून आलेल्यांसाठी वाकिफ मोहल्ला झाला. वरून पाहिलं तर आखणी पंख पसरलेल्या गरुडासारखी दिसते, असं अंजारचे लोक अभिमानाने सांगतात. मध्यरेषेवर चर्च आणि शाळा, दोन्ही बाजूंना मोहल्ले.

घरं साधी होती: एका कुटुंबाला एक खोली, बाहेर संडास, भोवती थोडी मोकळी जागा. ती मोकळी जागा सोडणं हा या आखणीतला सर्वांत दूरदर्शी निर्णय म्हणायला हवा. छावणीच्या बराकीला वाढता येत नाही. इथे मुलगा मोठा झाला, लग्न झालं, की शेजारी दुसरी खोली निघे, मग वरचा मजला. गावाच्या जुन्या भागात आजही पुष्कळ घरांच्या पोटात ती पहिली चौकोनी खोली शाबूत आहे.

शेती. तुती आणि रेशमाचं काम इथे रुजलं नाही. कंगव्याचं लाकूडही नव्हतं. सुरुवातीला धान्य आणि भाजीपाला झाला. दलदलीचं पाणी चरांमधून काढलं तसतशी चांगली जमीन हाती आली. पुढे सफरचंदाच्या बागा उभ्या राहिल्या, कारण हिवाळ्यातली जी थंडी तंबूत जीवघेणी ठरली तीच सफरचंदाच्या झाडाला फुलोऱ्यासाठी लागते. झऱ्याच्या थंड वाहत्या पाण्यावर ट्राउट माशांची तळी झाली आणि त्यांच्या भोवती खानावळी.

शाळा आणि चर्च. लोक तीन पंथांत विभागलेले होते: अपोस्तोलिक (आर्मेनियन लोकांचं मूळ चर्च), इव्हँजेलिकल (प्रॉटेस्टंट) आणि कॅथलिक. तिघांनी आपापलं चर्च आणि आपापली शाळा काढली. एवढ्याशा गावात तीन शाळा म्हणजे खर्चाचा अपव्यय वाटेल. परंतु प्रत्येक शाळेला परदेशातून वेगळा मदतीचा ओघ लाभला आणि वसतिगृहांमुळे बाहेरगावची आर्मेनियन मुलंही इथे शिकायला आली.

## दुसरा निर्णयाचा क्षण: १९४६–४७

सोव्हिएत आर्मेनियाने जगभरच्या आर्मेनियन लोकांना ‘मायदेशी’ बोलावलं. बैरूत बंदरातून जहाजं काळ्या समुद्रावरच्या बातुमी या सोव्हिएत बंदराला जाऊ लागली. अंजारमधली बरीच कुटुंबं गेली. सात वर्षं होऊनही तापाचा त्रास पुरता मिटलेला नव्हता, घर एकखणी होतं आणि लेबनॉन नुकताच, १९४३ मध्ये, स्वतंत्र झाला होता. त्यामुळे जाणाऱ्यांचा विचार समजण्यासारखा आहे. नात्यागोत्याची घरं मात्र दुभंगली: एक भाऊ येरेवानला, दुसरा बेकामध्ये, आणि मध्ये सोव्हिएत सीमा.

जे राहिले त्यांच्या वाट्याला माणशी जमीन आणि पाणी जास्त आलं. गावाच्या आर्थिक स्थैर्यात या गोष्टीचा वाटा मोठा असावा, असं आमचं मत आहे. ५,००० माणसं त्या जमिनीवर कायम राहिली असती, तर दुसऱ्याच पिढीत शेत तुकड्यांत वाटलं गेलं असतं.

## जमिनीखालचं शहर

१९४० च्या दशकाच्या अखेरीस गावालगतच्या अवशेषांकडे पुरातत्त्व खात्याचं लक्ष गेलं. शोध चालला होता खाल्किस या प्राचीन नगराचा. हाती लागलं ते उमय्यद खलिफा पहिला वलीद (कारकीर्द ७०५–७१५) याच्या काळातलं, आयताकृती तटबंदीचं शहर. लांबी-रुंदी दोन्ही चारशे मीटरच्या आत, तटाला सुमारे ४० बुरूज, काटकोनात छेदणारे दोन हमरस्ते आणि रस्त्यांच्या कडेने सुमारे ६०० दुकानं. आराखडा रोमन पद्धतीचा आहे. भिंतीत दगडाचे थर आणि विटांचे थर आलटून पालटून आहेत. ही बायझंटाइन गवंड्यांची रीत. खांब जुन्या इमारतींतून उचलून आणलेले, म्हणून एकाच ओळीत खांबांची शीर्षं वेगवेगळ्या घडणीची दिसतात.

हे शहर फार थोडा काळ नांदलं. ७४४ मध्ये दुसऱ्या मरवानने ऐन अल-जर्र, म्हणजे याच ठिकाणी, विरोधी उमय्यद सैन्याचा पराभव केला आणि त्यानंतर ते ओस पडलं. व्यापाराच्या वाटेवर, सत्तेच्या आधारावर उभं राहिलेलं शहर तो आधार जाताच संपलं. १९८४ मध्ये हे अवशेष जागतिक वारसा यादीत आले.

अंजारकरांसाठी यातून दोन गोष्टी झाल्या. पर्यटक येऊ लागले, ते ट्राउट खाऊन जाऊ लागले. आणि गावाला त्या दिशेला वाढता येणं बंद झालं.

## आज काय दिसतं

यादवी युद्धाच्या काळात (१९७५–९०) लेबनॉनच्या आर्मेनियन समाजाने शक्यतो कोणत्याही बाजूला न जाण्याचं धोरण ठेवलं. अंजारवर वेगळंच ओझं आलं. सीरियन लष्करी गुप्तहेर खात्याने लेबनॉनमधलं आपलं मुख्यालय इथे थाटलं आणि एप्रिल २००५ मध्ये सीरियन फौजा बाहेर पडेपर्यंत ते इथेच होतं. लेबनॉनभर ‘अंजारला बोलावणं’ याचा अर्थ धास्तीचा झाला. त्यात गावकऱ्यांचा काहीच दोष नव्हता.

मूसा दागची बोली अजून ऐकू येते. शाळेत प्रमाण पश्चिमी आर्मेनियन, बाजारात अरबी, घरात बोली अशी तिची जागा आहे. दरवर्षी सप्टेंबरच्या मध्यास, पवित्र क्रूसाच्या सणाला, हरीसा होते. सोललेला गहू आणि मटण मोठमोठ्या कढयांत, लाकडाच्या जाळावर, रात्रभर शिजवतात. मीठ आणि पाणी सोडून फार काही पडत नाही. तळाला लागू नये म्हणून लांब दांड्यांनी पाळीपाळीने ढवळत राहावं लागतं. पहाटेपर्यंत मांसाचे धागे गव्हात पूर्ण मिसळून जातात. शेजारी ढोल आणि झुर्ना (सनईसारखं वाद्य) वाजत असतात. सकाळी पाद्री आशीर्वाद देतो आणि सगळ्यांना वाटप होतं. हैदराबादी हलीम याच कुळातला, फक्त त्यात मसाला आणि डाळी आल्या. १९१५ च्या वेढ्याची आठवण म्हणून हा विधी होतो. तो टिकला कारण कढया ढवळायला रात्रभर माणसं लागतात आणि ती मोहल्ल्यांतून येतात.

तरुण मात्र बैरूतला, युरोपला, उत्तर अमेरिकेला जातात. २०१९ नंतर लेबनीज पौंड कोसळल्यावर हे आणखी वाढलं. बागायतदाराला खतं-औषधं डॉलरमध्ये घ्यावी लागतात आणि सफरचंद स्थानिक बाजारात विकावं लागतं.

## वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक क्रमाची. निदान एक तुकडी, सशक्त पुरुषांची, रास अल-बसितहून आधी पुढे पाठवून झऱ्याखालचे चर खणून घेता आले असते आणि तंबूंची जागा दलदलीपासून दूर, चढावर धरता आली असती. लहान मुलं, बाळंतिणी आणि म्हातारी माणसं यांना तो एक हिवाळा बैरूत-त्रिपोलीतल्या आर्मेनियन संस्थांकडे ठेवणं अशक्य नव्हतं. यावर आक्षेप असा की लोक एकमेकांपासून सुटं व्हायला तयार झाले नसते. १९१५ नंतर ही भीती अगदी खरी होती. म्हणून तुकड्या पाडायच्या त्या मोहल्ल्यांनुसार, म्हणजे एक गाव एकत्र राहील अशा पाडायला हव्या होत्या. आखणीत जे शहाणपण दाखवलं ते प्रवासात दाखवलं गेलं नाही.

दुसरं औषधाचं. क्विनाइन तेव्हा उपलब्ध आणि माहितीचं होतं, आणि बेकामध्ये हिवताप आहे हेही प्रशासनाला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून घरटी गोळ्या आणि तंबूला जाळी ही तयारी जागा ठरवतानाच व्हायला हवी होती. लोक आजारी पडल्यावर दवाखाना उभारण्यात जो वेळ जातो, तो तापाच्या साथीत कधीच भरून निघत नाही.

तिसरं, हस्तकला. कंगवे करणारे कारागीर अंजारला पोहोचले तेव्हा त्यांचे हात तयार होते, फक्त कच्चा माल नव्हता. रेल्वे जंक्शन जवळ असताना काही वर्षं लाकूड बाहेरून पुरवलं असतं, तर शेती मार्गी लागेपर्यंत घरात रोकड आली असती आणि कला वाचली असती.

चौथी गोष्ट अजून हातात आहे. मूसा दागवर जन्मलेली पिढी संपत आली आहे, आणि सहा गावांच्या बोलीत उच्चारांचे जे बारीक फरक होते ते मोहल्ल्यांमधल्या लग्नसंबंधांमुळे मिसळत चालले आहेत. ध्वनिमुद्रण करायचं तर मोहल्ल्यानुसार, बोलणाऱ्याच्या आई-वडिलांची दोघांची मूळ गावं नोंदवून करावं. रेशमाची, कंगव्यांची, डोंगरावरच्या शेताच्या तुकड्यांची नावं आधी विचारून घ्यावीत. हे शब्द अंजारच्या रोजच्या वापरात नाहीत, त्यामुळे ते सर्वांत आधी जातील.